काळी चारचा लांडगा

"उतरलाय. स्वल्प नाही, चांगलाच उतरलाय," विश्वासराव पेटीच्या भात्याआड पुटपुटले.

बोलले ते स्वतःशीच. पण श्रीधरराव त्याच क्षणी त्यांच्या पायाशी वाकून पेटीखालची सतरंजी सारखी करत होते, त्यामुळे वाक्य सरळ त्यांच्या कानात पडलं. आधी त्यांना वाटलं, आपल्या चेहऱ्याबद्दल असेल. निवृत्त झाल्यापासून भेटेल तो तेच म्हणतो, म्हणून त्यांनी सोडून दिलं. मग लक्षात आलं की विश्वासराव पियानोकडे बघत होते. तेव्हा मात्र लागलं.

चेहऱ्याचं एक वेळ ठीक आहे. पियानो हा श्रीधररावांच्या जे. पी. नगरातल्या फ्लॅटचा मान होता. कँटोन्मेंटमधल्या एका घरून सागवानी कपाट आणायला म्हणून ते गेले होते, आणि कपाटाबरोबर तोही आला. सावित्रीबाईंनी पहिल्याच दिवशी त्याच्यापुढे स्टूल ओढलं आणि तेव्हापासून तो त्यांचा. डाव्या हातानं सा आणि पा धरायचे, उजव्या हातानं सूर चाचपायचे आणि गायचं, अशी त्यांची स्वतःच बसवलेली पद्धत होती. दर वर्षी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला मराठी मंडळाच्या बायका त्यांच्याकडे जमत. आंब्याची डाळ आणि पन्हं पुढे येण्याआधी सावित्रीबाईंचा भूप होई. बायका डाळीतलं मीठ विसरत, पण भूप वर्षभर आठवत. इतरांचं वर्ष गुढीला सुरू होतं, सावित्रीबाईंचं त्या भूपाला.

यंदा मंडळाचे चिटणीस विश्वासराव स्वतः साथीला बसणार होते. वहिनींना पेटीचा आधार, असं ते म्हणाले. खरं तर तेही नुकतेच निवृत्त झाले होते आणि त्यांच्या घरच्यांनाच आधाराची गरज होती. तर पहिल्या तालमीला त्यांनी पेटीवर काळी चार दिली, सावित्रीबाईंनी पियानोवर काळी चार दिली, आणि दोन काळ्या चार एकमेकींना ओळखेनात. मध्ये जवळजवळ एका अख्ख्या पट्टीचं अंतर. पियानो खाली, पेटी वर.

सावित्रीबाईंचा सा काळी चारचा, म्हणजे सप्तकात डावीकडून मोजत गेलं तर चौथी काळी पट्टी. तोही लग्नाआधीपासून. काही बायका माहेरचं आडनाव जपतात, त्यांनी माहेरची पट्टी जपली होती. त्यामुळे पट्टीचा प्रश्न हा त्या घरात संगीताचा नव्हता, आब राखण्याचा होता.

पियानोला मधून मधून सूर लावून घ्यावा लागतो हे श्रीधररावांना तोवर ठाऊकच नव्हतं. कपाटाबरोबर आलेली वस्तू. कपाटाला कोण सूर लावतं? पण आता त्यांनी मनावर घेतलं. पुढच्या तालमीआधी पियानो पेटीच्या पंक्तीला बसलाच पाहिजे.

सल्ल्यांना तोटा नव्हता. वरच्या मजल्यावरच्या पद्मावती अक्का कर्नाटक संगीताच्या सभा चुकवत नसत. त्यांनी पियानोचं झाकण उघडून आत नाक घातलं आणि सांगितलं, "अण्णा, आत इली शिरली असणार. आधी उंदराचं औषध, मग सुराचं." मारतहळ्ळीहून मुलाचा, अजिंक्यचा, फोन आला. म्हणाला, विकून टाका, मी कीबोर्ड आणतो, बटण दाबलं की पट्टी वर, बटण दाबलं की खाली. सावित्रीबाईंनी फोन हातात घेऊन विचारलं, "आणि लाइट गेले की?" अजिंक्यनं बॅटरीचं सांगायला सुरुवात केली तेव्हा त्या स्वयंपाकघरात पोचल्या होत्या.

शेवटी एका चर्चच्या ओळखीतून किरणकुमार नावाचा ट्यूनर मिळाला. मिळाला म्हणजे फोनवर मिळाला. प्रत्यक्ष घरात यायला त्याला सोसायटीचं फाटक ओलांडायचं होतं, आणि फाटकावरच्या ॲपमध्ये पियानोवाल्याला जागाच नव्हती. स्वयंपाकी होता, प्लंबर होता, कुत्रा फिरवणारा होता. श्रीधररावांनी पुष्कळ विचार करून 'सुतार' निवडलं. लाकूड तर आहेच. त्याबरोबर सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन आला.

त्यांनी विचारलं, काय तोडताय. श्रीधरराव म्हणाले, तोडत नाही, चढवतोय. सेक्रेटरी सावध झाले. काय चढवताय, भिंत? नाही, सूर. मग त्यांनी विचारलं की त्यानं स्लॅबवरचं वजन वाढेल का, आणि राडारोडा कोणत्या दिवशी खाली नेणार. श्रीधररावांनी राडारोडा निघणार नाही याची हमी दिली. आयुष्यभर विमा कंपनीत काढलेल्या माणसानं अशी हमी द्यायला नको होती. तार चढवताना एक तार तुटली, तिचा आवाज असा झाला की पद्मावती अक्का सिलिंडर फुटला समजून खाली धावत आल्या, आणि तारेचं टोक लागून दिव्याची काच फुटली. तिचा चुरा प्लास्टिकच्या पिशवीतून लपवत खाली नेताना श्रीधरराव बरोबर सेक्रेटरींना भेटले.

पण हे नंतरचं. त्याआधी किरणकुमारनं पियानो उघडला, आतली धूळ फुंकली, बॅगेतून किल्ली काढली आणि काम सुरू करण्यापूर्वी अदबीनं विचारलं, "सर, टेंपरमेंट कसं हवंय?"

श्रीधररावांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. आवाज खाली आणला.

"तसं शांत आहे. सकाळच्या चहाआधी सोडून. का?"

किरणकुमार म्हणाला, तुमच्या घरचं नाही, पियानोचं. मग त्यानं स्टुलावर बसून समजावलं. थोडं कन्नड, थोडं हिंदी, आणि महत्त्वाचं ते सगळं इंग्रजीत. श्रीधररावांना समजलं ते असं. बारा सूर एका सप्तकात नीट बसतच नाहीत. पंगतीत पानं जास्त आणि जागा कमी, तसला प्रकार. कुणाला तरी कोपर आवरून बसावं लागतं. हल्लीची पद्धत अशी की सगळ्यांनीच थोडं थोडं आवरायचं. प्रत्येक सूर जरासा खोटा, पण सारख्या वाटणीनं, त्यामुळे कुणाचंच खोटं उघडं पडत नाही. ही समान पद्धत. जुन्या काळी युरोपात असं नव्हतं. काही सूर अगदी खरे, मधासारखे ठेवायचे आणि सगळा खोटेपणा लांब कुठल्या तरी कोपऱ्यात लोटून द्यायचा. ही जुनी पद्धत.

हे सांगताना त्याचे डोळे चमकत होते. जुन्या पद्धतीचा त्यानं खास अभ्यास केला होता. प्रत्येक घरी तो हा प्रश्न विचारायचा आणि प्रत्येक घरी लोक म्हणायचे, काय ते नेहमीचं करा.

श्रीधरराव म्हणाले, नेहमीचंच करा. समानतेच्या विरोधात आपल्याच बैठकीच्या खोलीत मत देणं त्यांना प्रशस्त वाटलं नाही.

किरणकुमारनं निःश्वास सोडला आणि पियानो वर चढवला. एका फेरीत झालं नाही, दुसऱ्यांदा यावं लागलं. तारा ताणल्या की पुन्हा ढिल्या पडायच्या. इतकी वर्षं खाली राहायची सवय झालेली. पण अखेर पियानोची काळी चार आणि पेटीची काळी चार एकजीव झाल्या, विश्वासरावांनी मान डोलावली, आणि श्रीधररावांनी स्वतःच केल्यासारखा चहा मागवला.

दुसऱ्या तालमीला पद्मावती अक्काही येऊन बसल्या. सावित्रीबाईंनी पदर खोचला, सा धरला, भूप सुरू केला. मध्य सप्तक झकास गेलं. तार षड्जही लागला, जरा जोर करून. तिथून गांधाराकडे निघाल्या आणि वाटेत आवाज फाटला. जुनं धोतर फाटतं तसा. फार मोठा आवाज होत नाही, पण खोलीतल्या सगळ्यांना कळतं.

त्यांनी खाकरून पुन्हा घेतलं. पुन्हा तिथेच.

श्रीधररावांना गाण्यातलं काही कळत नसे. भूपात कोणते सूर नसतात हे त्यांनी दर चैत्रात नव्यानं विचारलं होतं. पण जिन्यावरचं पाऊल ओळखावं तसा तो आवाज ते ओळखत होते, आणि पियानोचा यात काही संबंध नाही हे त्यांना त्या क्षणी लख्ख कळलं. म्हणून ते उठले आणि पंखा कमी केला.

"पंख्याचं वारं थेट घशावर येतंय," ते म्हणाले.

अक्का म्हणाल्या, पंखाच. आणि वर आंब्याचा मोहोर, घसा धरतो. विश्वासराव बराच वेळ पट्ट्यांकडे पाहत होते. मग त्यांचा चेहरा उजळला. गांधार, ते म्हणाले. पियानोचा गांधार चढा आहे. या समान पद्धतीत गांधार चढाच असतो, सगळे जाणकार सांगतात. तंबोऱ्यातून ऐकू येतो तो खरा गांधार खाली, हा वर. वहिनी खऱ्या गांधाराला जातात, पियानो त्यांना वर खेचतो, मध्ये आवाज फाटतो. बिचाऱ्या वहिनी काय करणार?

हे ऐकून सगळ्यांना इतकं हलकं वाटलं की अक्कांनी टाळी वाजवली. यातलं सगळ्यांत सोयीचं म्हणजे ते खरं होतं. समान पद्धतीत गांधार चढा असतोच. त्यामुळे कुणालाही खोटं बोलावं लागलं नाही, फक्त खरं बोलून भलतीकडे बोट दाखवावं लागलं. विश्वासरावांच्या पेटीचा गांधारही तितकाच चढा नसतो का, असं अक्कांनी विचारलं तेव्हा ते म्हणाले, माझी पेटी खास बनवून घेतलेली आहे, आणि विषय तिथे संपला.

सावित्रीबाईंनी गांधाराची पट्टी एकदा दाबून पाहिली, झाकण लावलं आणि डाळ भिजत घालायला गेल्या.

दाराशी चप्पल घालताना विश्वासराव हळूच श्रीधररावांना म्हणाले की वाटल्यास यंदा सुरुवात रंजिताला करू दे. निपाणीची मुलगी, मारतहळ्ळीला नोकरीला आहे, आवाज मोकळा आहे. वहिनींना स्वयंपाकाचाही ताण असतो. श्रीधररावांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. आतलं भांड्यांचं वाजणं थांबलेलं होतं. रंजिता भली पोर होती, पण हळदीकुंकवाला आपल्याच घरात, आपल्याच पियानोपुढे दुसऱ्या कुणी गायचं आणि सावित्रीबाईंनी डाळ वाढायची, हे चित्र त्यांना बघवेना.

"गांधाराचं बघतो मी," ते ठणकावून म्हणाले. "तुम्ही चिंता करू नका."

फोनवर 'जुनी पद्धत' हे शब्द ऐकताच किरणकुमारला भरून आलं. खरंच सर? नक्की? नंतर म्हणाल, बेडा, नको, पुन्हा नेहमीचं करा. श्रीधरराव म्हणाले, बिलकूल नाही, आमच्या घरात खरा गांधार पाहिजे. त्यांना स्वतःचाच अभिमान वाटला. फाटकावरच्या ॲपमध्ये या वेळी त्यांनी 'कुत्रा फिरवणारा' निवडलं, म्हणजे सेक्रेटरींचा फोन तरी येणार नाही. किरणकुमार त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून आला. सकाळपासून कान लावून, एकेक तार गोंजारून त्यानं काम केलं, आणि दुपारी सगळ्यांना बोलावून पांढऱ्या पट्ट्यांवर तीन सूर एकदम धरले.

काय सांगावं. खोलीत कुणीतरी खिडकी उघडल्यासारखं झालं. ते तीन सूर तीन राहिलेच नाहीत. अक्कांनी डोळे टिपले. श्रीधररावांनीही, भूपात कोणते सूर नसतात ते माहीत नसून, आणखी एकदा धरायला सांगितले.

किरणकुमार बॅग भरता भरता म्हणाला, "फक्त एक सर. या पद्धतीत एक वुल्फ राहतो."

"काय राहतं?"

लांडगा. सगळा खोटेपणा एका जागी गोळा होतो, तिथले दोन सूर एकत्र धरले की लांडग्यासारखे ओरडतात. अक्का दचकून म्हणाल्या, तोळ? मनेयल्लि? घरात? किरणकुमारनं धीर दिला. म्हणाला, तो कुठेतरी ठेवावाच लागतो, म्हणून पूर्वीपासून जी-शार्प आणि ई-फ्लॅटच्या मध्ये ठेवतात. तिकडे कुणी जात नाही.

जी-शार्प हे नाव श्रीधररावांच्या कानाला होसकोटे गावासारखं वाटलं. आहे, ऐकलंय, पण लांब आहे, आपलं तिकडे काही काम नसतं. ते म्हणाले, "सरी, सरी. राहू दे तिकडे." आणि त्याला फाटकापर्यंत पोचवायला गेले.

हळदीकुंकवाच्या आदल्या संध्याकाळी शेवटची तालीम ठेवली होती. अजिंक्य कैऱ्या घेऊन आला होता आणि सोलत बसला होता. विश्वासरावांनी पेटी उघडली. अक्का कोचावर मांडी घालून बसल्या. सावित्रीबाई स्टुलावर टेकल्या, डावा हात पुढे केला आणि इतकी वर्षं धरत आल्या तसे, सवयीनं, काळी चारचा सा आणि त्याच्या वरचा पा एकदम धरले.

तो आवाज ज्यांनी ऐकला ते अजून त्याविषयी बोलतात. पियानोच्या पोटातून लांबट, थरथरता, भुकेला असा काही हंबरडा निघाला की अजिंक्यच्या हातातली कैरी सुटून पेटीच्या भात्याशी गेली. समोरच्या इमारतीतल्या कुत्र्यानं उत्तर दिलं. सावित्रीबाईंना वाटलं, आपलं बोट चुकलं, म्हणून त्यांनी पुन्हा नीट धरले. कुत्र्यानं पुन्हा उत्तर दिलं. थोड्या वेळानं सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींचा निरोप आला की कुणीतरी नोंद न करता मोठं जनावर पाळलेलं आहे आणि ते आजारी दिसतं, संबंधितांनी खुलासा करावा. फाटकावरच्या नोंदीनुसार त्या मजल्यावर नुकताच एक कुत्रा फिरवणारा येऊन गेला होता, असंही त्यांनी नमूद केलं.

श्रीधररावांनी किरणकुमारला फोन लावला, स्पीकरवर. तो म्हणाला, असं होणं शक्यच नाही, लांडगा जी-शार्पवर आहे. विश्वासरावांनी विचारलं, जी-शार्प म्हणजे कोणती पट्टी? किरणकुमारनं सांगितलं, डावीकडून मोजा. विश्वासरावांनी एका बोटानं मोजलं. एक, दोन, तीन. चौथ्या काळ्या पट्टीवर बोट थांबलं आणि तिथेच राहिलं.

बारा जागांतून लांडगा नेमका सावित्रीबाईंच्या माहेरी बांधला होता.

किरणकुमारनं फार माफी मागितली. म्हणाला, सर, तुम्ही काळी चार म्हणाला असतात तर. श्रीधरराव म्हणाले, तुम्ही जी-शार्प म्हणाला नसतात तर. लांडगा दुसरीकडे हलवता येतो, पण किरणकुमार आत्ता होसकोट्याला एका शाळेच्या पियानोत अडकला होता आणि उद्या दुपारपर्यंत सुटणार नव्हता. हळदीकुंकू दुपारीच होतं. फोन ठेवण्याआधी तो सहज म्हणाला, मॅडमना शेजारच्याच पांढऱ्या पट्टीवर गायला सांगा ना, पांढरी पाच, एकच पायरी खाली, तिथे मध आहे.

खोलीत कुणी कुणाकडे बघेना.

मग सगळे एकदम बोलू लागले. विश्वासराव म्हणाले, खरंच, या जातीच्या पियानोला पांढरी पाचच मानवते, लाकडावर असतं. अक्का म्हणाल्या, चैत्रात पांढरं शुभ. अजिंक्य म्हणाला, आई, हल्ली सगळे मोठे गाणारे एक पट्टी खाली घेतात, हवेत प्रदूषण आहे ना. श्रीधररावांनी पंख्याचं बटण गाठलं होतं. विश्वासराव पुढे म्हणाले की नाहीतर रंजिता आहेच, फक्त सुरुवातीपुरती, आणि मग वहिनी एखादं छोटं काही...

सावित्रीबाईंनी पट्ट्यांवरचा हात उचलला आणि मांडीवर ठेवला. त्या रागावल्या असत्या तर श्रीधररावांना बरं वाटलं असतं. चहाआधीचा तो स्वभाव त्यांना चांगला ओळखीचा होता. पण त्या रागावल्या नव्हत्या. त्यांनी सगळ्यांकडे एकदा पाहून घेतलं आणि मग स्टुलावरच्या स्टुलावर वळून नवऱ्याकडे पाहिलं.

"अहो, पंख्याला हात लावू नका. इकडे या."

ते आले.

"एकदा गांधार चढा होता, एकदा मोहोर होता, आता हे लांडग्याचं. उद्या दुपारी माझ्यासमोर सगळ्या बायका बसणारेत. त्याआधी मला कुणीतरी नीट सांगायला हवं. बिघडलंय कोण? पियानो की मी?"

श्रीधररावांकडे उत्तरं भरपूर होती. गेल्या काही दिवसांत त्यांनी सुरांच्या वाटणीबद्दल इतकं वाचलं होतं की ते तासभर बोलू शकले असते आणि त्यातलं एकही वाक्य चूक निघालं नसतं. त्यांनी तोंड उघडलं. विश्वासरावांनी आशेनं मान पुढे केली. अक्का नुसतं डोळ्यांनी 'बेडा, अण्णा' म्हणत होत्या. आणि मग श्रीधररावांना आठवला तो जुना पियानो, महिन्याभरापूर्वीपर्यंतचा, मंद, खाली बसलेला, आणि त्याच्यासमोर दर चैत्रात कुठेही न फाटता वर वर जाणारा तो आवाज. काळी चार म्हणून जी पट्टी त्या दाबत, ती तेव्हा पेटीच्या कुठल्या पट्टीशी जुळली असती, हा हिशेब त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या डोक्यानं केला.

"तू," ते म्हणाले.

अजिंक्यनं सुरी खाली ठेवली.

"तुझा आवाज उतरलाय. एक पट्टी. पण तो आत्ता नाही उतरला. गेली कितीतरी वर्षं तू पांढरी पाचवरच गातेयस. पियानोही उतरलेला होता, म्हणून आपण तिलाच काळी चार म्हणत होतो. ते सगळे भूप पांढरी पाचचेच. तुम्ही दोघं बरोबरीनं खाली आलात, सावित्री. मी उगाच एकट्या पियानोला वर ओढलं."